जुनी जीआय लाइन काढून लवचीक पाइप टाकताना

पहाटे नळ सोडला की बादलीत आधी तांबूस पाणी येते आणि मिनिटभराने ते निवळते, हा अनुभव तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत राहणाऱ्या बहुतेकांना असतो. त्या काळी घरातली नळाची लाइन जीआय पाइपाची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असे. मुलामा आतून झिजला की लोखंड गंजू लागते, आणि पाणी बोअरचे व जड असेल तर त्या गंजावर क्षारांचा थर चढून पाइपाचे आतले तोंड बुजत जाते. गळती मात्र सरळ पाइपात सहसा सुरू होत नाही. ती एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड) किंवा निपल (आट्यांचा छोटा तुकडा) यांच्या जोडावर होते, कारण आटे पाडताना त्या जागची जाडी आधीच कमी झालेली असते आणि तिथला मुलामाही निघून गेलेला असतो. म्हणूनच एक जोड बदलून घेतला की काही महिन्यांत त्याच्या शेजारचा जोड गळू लागतो, आणि दर वेळी टाइल फोडून पुन्हा बसवण्यापेक्षा सगळी लाइन एकदाच बदललेली परवडते.

आपल्याकडे अशा वेळी बहुतेक प्लंबर सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप सुचवतात, आणि ते वाईट आहे असे मुळीच नाही. पण सीपीव्हीसी हा कडक पाइप आहे. प्रत्येक वळणावर एल्बो आणि प्रत्येक एल्बोत दोन सांधे येतात, आणि हे सगळे भिंतीत गाडले जातात. लवचीक पाइप गुंडाळीत मिळतो आणि तो वळवत थेट नळापर्यंत नेता येतो. तो सहज वळतो हा त्याचा गुण प्लंबरच्या सोयीचा आहे. घरमालकाच्या दृष्टीने खरा गुण हा की भिंतीच्या पोटात एकही सांधा ठेवावा लागत नाही. पुढची सगळी आखणी याच एका गोष्टीसाठी करायची आहे. लवचीक पाइप घेऊनही जर प्लंबर भिंतीत दर चार फुटांवर टी जोडत असेल, तर त्यापेक्षा नीट केलेले सीपीव्हीसीचे काम बरे.

बाजारात या पाइपाचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला पेक्स, म्हणजे पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींत गुंफून उष्णता सोसण्याजोगा केलेला पाइप. दुसरा कॉम्पोझिट, ज्यात पॉलिथिलीनच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. त्याचे भारतीय मानक आयएस १५४५० हे आहे. पेक्स वळवून सोडला की पुन्हा सरळ व्हायला बघतो, तर कॉम्पोझिट वळवाल तसा राहतो. गरम पाण्याने पेक्स बराच वाढतो. चार मीटरच्या लाइनीतले पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले, तर पेक्सची लांबी सुमारे २८ मिमीने वाढते, कॉम्पोझिटची जेमतेम ४ मिमीने. भिंतीवर उघड्याने न्यायच्या गरम लाइनीसाठी मी डोळे झाकून कॉम्पोझिट घेईन. पेक्स तिथे दोन क्लॅम्पांच्या मधे सापासारखा वळवळलेला दिसतो. कोणताही घेतला तरी तो गरम पाण्यासाठी असल्याचे आणि मानकाचा क्रमांक पाइपावरच छापलेला असला पाहिजे. दुकानदाराच्या तोंडच्या खात्रीचा इथे उपयोग नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत जास्त चुका होणाऱ्या भागाकडे येऊ. जीआय पाइपाचा आकार आतल्या व्यासावरून सांगितला जातो. अर्ध्या इंची पाइपाचा आतला व्यास सुमारे १६ मिमी असतो. लवचीक पाइपाचा आकार मात्र बाहेरच्या व्यासावरून सांगतात, त्यामुळे ‘१६ मिमीचा पाइप’ म्हणून जो हातात येतो त्याचा आतला व्यास १२ मिमीच असतो. कॉम्पोझिट पाइपावर तर हे सरळ छापलेलेच असते: १२१६ म्हणजे आतून १२, बाहेरून १६, १६२० म्हणजे आतून १६, बाहेरून २०, त्यापुढे २०२५ आणि २५३२. अर्ध्या इंचाच्या जागी १२१६ टाकला, तर पाणी वाहायची जागा जवळजवळ निम्मी होते आणि घर्षण धरले तर तितक्याच दाबावर पाणी निम्म्याहूनही थोडे कमी येते. त्यात भर म्हणजे या पाइपांची फिटिंग पाइपाच्या आत शिरते, म्हणून प्रत्येक जोडावर तोंड आणखी अरुंद होते.

परदेशी माहितीपत्रकांत पातळ पाइप चालतो असे लिहिलेले असते ते खोटे नाही, पण तिकडे घरात येणारे पाणी पुष्कळ दाबाने येते. आपले घर गच्चीवरच्या टाकीवर चालते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, हा हिशेब लक्षात ठेवावा. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीतील पाण्याची पातळी आपल्या फरशीपासून साडेचार मीटर आणि शॉवर दोन मीटर उंचीवर असेल, तर शॉवरला मिळणारा दाब अडीच मीटरचा, म्हणजे पाव किलो. पुण्यातील आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात पहिल्यांदा सगळीकडे १२१६ टाकला गेला. टेस्ट उत्तम झाली, एक थेंब गळला नाही, आणि शॉवरमधून मात्र पाणी धारेने येण्याऐवजी जाळीवरून ओघळू लागले. नवी टाइल फोडून तेवढी लाइन १६२० ने बदलावी लागली. तेव्हा सिंकचा नळ, बेसिन आणि फ्लशची टाकी यांना १२१६ पुरतो. शॉवर, वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) आणि बादली भरायचा नळ यांना १६२० च हवा. आणि टाकीकडून घरात येणारी मुख्य लाइन २०२५ पेक्षा लहान नसावी. दोन बाथरूम असतील तर २५३२. खालच्या मजल्यांवर थोडी सूट घेता येते, वरच्या मजल्यावर नाही.

मांडणीसाठी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मुख्य लाइन घरात जिथे येते तिथे, शक्यतो ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूमच्या माळ्यावर, मॅनिफोल्ड बसवावा. एका तोंडाने पाणी घेऊन ते चार-सहा तोंडांतून वाटणारी ती पितळी नळी असते. तिच्या प्रत्येक तोंडावर कॉक बसवून तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र, अखंड पाइप न्यावा. पाइप जास्त लागतो हे खरे, पण सांधे फक्त दोनच ठिकाणी राहतात, मॅनिफोल्डवर आणि नळाच्या मागे, आणि दोन्ही ठिकाणी हात पोचतो. फ्लशची टाकी बिघडली तर तेवढा एक कॉक बंद करून बाकीचे घर चालू ठेवता येते, ही सोय पाहुण्यांनी भरलेल्या घरात कळते.

आखणी करताना चढ-उताराकडे फार बारकाईने पाहावे. पाइप लवचीक असला की तो कसाही नेण्याचा मोह होतो. दरवाजाच्या चौकटीवरून उचलून पलीकडे उतरवला जातो, आणि त्या उलट्या ‘यू’मध्ये हवा अडकून बसते. पाव-अर्ध्या किलोच्या दाबाला ती हवा ढकलता येत नाही, म्हणून टाकी भरलेली असूनही नळ कोरडा राहतो. नियम सोपा आहे: टाकीपासून नळापर्यंत लाइन मधे कुठेही वर चढून पुन्हा खाली उतरता कामा नये. पाणी वरून छताजवळ घरात येत असेल, तर आडव्या लाइनी माळ्याच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या उंचीवरून हलक्या उताराने न्याव्यात आणि प्रत्येक नळाच्या डोक्यावरून सरळ खाली उतरवाव्यात. पाणी फरशीजवळ येत असेल, तर लाइन खालूनच न्यावी आणि नळापाशी वर चढवावी. नळ हेच तिचे सर्वांत उंच टोक असले की हवा नळातून निघून जाते.

वरून उतरवण्याचा आणखी एक फायदा भिंतीला होतो. विटांच्या भारवाही भिंतींसाठीच्या आयएस १९०५ या मानकात उभ्या खाचेची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडव्या खाचेची एक षष्ठांशाहून जास्त नसावी असे म्हटले आहे. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच म्हणजे जेमतेम १९ मिमी, ज्यात १६२० पाइपसुद्धा मावत नाही. उभी खाच मात्र ३८ मिमीपर्यंत मारता येते. अशी भिंत भार घेत नसली तरी हाच हिशेब पाळणे बरे. आरसीसी कॉलम, बीम किंवा स्लॅब यांवर ग्राइंडर चालवायचाच नाही. गवंडी ‘थोडेसेच’ म्हणाला तरी नाही.

तोडफोड सुरू करण्यापूर्वी एक काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, आणि ते टाळू नये. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि काही जुन्या इमारतींत विजेचे अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला तार गुंडाळून केलेले असते. तो पाइप मधेच तोडून प्लॅस्टिकचा तुकडा जोडला की अर्थिंग तुटते, आणि दिवे-पंखे मात्र पूर्ववत चालत राहिल्यामुळे कोणाला काही कळत नाही. गीझरमध्ये दोष आला की त्या दिवशी कळते. म्हणून अर्थिंगची स्वतंत्र वायर आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही हे आधी तपासून घ्यावे. दुसरे काम सोसायटीचे: डक्टमधला उभा डाऊनटेक पाइप, म्हणजे टाकीचे पाणी खाली आणणारा पाइप, सामाईक असतो, आपला अधिकार आपल्या फाट्यावरच्या कॉकपासून पुढे सुरू होतो. सेक्रेटरींना लेखी कळवून टाकीचा वॉल्व्ह किती वेळ बंद राहील ते ठरवावे. महापालिकेचा मीटर आणि त्याच्या अलीकडची जोडणी यांना हात लावायचा नाही.

जुनी लाइन आधी उखडण्याची घाई करू नये. लवचीक पाइपाचा एक मोठा फायदा असा की नवी लाइन दुसऱ्या वाटेने पूर्ण टाकून, टेस्ट करून होईपर्यंत जुन्या लाइनीवर घर चालवता येते. शेवटी एका दिवसात पाणी जुन्या लाइनीवरून नव्यावर वळवायचे, जुन्या पाइपाची तोंडे प्लग लावून बंद करायची आणि भिंतीतला पाइप भिंतीतच राहू द्यायचा. गंजलेला पाइप ओढून काढण्यात टाइल, गिलावा आणि शेजारच्यांची सहनशीलता तिन्ही फुटतात.

जिथे जुन्या जीआयला जोडणे अटळ आहे, म्हणजे डाऊनटेकच्या फाट्यावर, तिथे दोन पाने वापरावेत: एकाने भिंतीतला पाइप घट्ट धरायचा, दुसऱ्याने फिटिंग फिरवायचे. एकाच पान्याने जोर लावला की पीळ भिंतीच्या आत जातो आणि गंजलेला आटा डक्टमध्ये मोडतो. मग दुरुस्ती आपल्या घरातली राहत नाही. जीआयवर पितळी फिटिंगच घ्यावे, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे गुंडाळावी, आणि पुढे पितळी युनियन, म्हणजे नंतर खोलता येणारा जोड, ठेवावे.

आता प्रत्यक्ष सांधा. या पाइपाला सॉल्व्हंट सिमेंट चिकटत नाही, त्यामुळे सीपीव्हीसीवर हात बसलेल्या प्लंबरने हे काम पूर्वी केले आहे का, ते विचारून घ्यावे. पेक्ससाठी तांब्याच्या किंवा स्टीलच्या रिंगा दाबायचे क्रिंप हत्यार लागते, कॉम्पोझिटसाठी प्रेस मशीन किंवा साधी नट-रिंगची पितळी फिटिंग. नट-रिंगचा सांधा घरात सर्वाधिक केला जातो, म्हणून तोच जवळून पाहू. पाइप कटरने काटकोनात कापावा; करवतीने कापल्यास कड खडबडीत राहते. कापताना पाइपाचे तोंड किंचित चपटे होते. त्यात कॅलिब्रेटर घालून दोन-तीन वेळा फिरवायचा, म्हणजे तोंड गोल होते आणि आतली कड तिरपी घासली जाते. ही एवढीशी क्रिया वगळली की काय होते ते मी स्वतः उघडून पाहिले आहे: फिटिंगच्या नळीवर दोन काळ्या ओ-रिंगा असतात, न घासलेली धारदार कड पुढची रिंग कापत जाते आणि तिचा केसाएवढा तुकडा सांध्यात अडकतो. तो सांधा त्या दिवशी गळत नाही. पुढे गरम-गार पाण्याच्या फेऱ्यांनी पाझरू लागतो. कॅलिब्रेटर फिरवून झाल्यावर आधी नट, मग चिरलेली रिंग पाइपावर चढवायची, फिटिंगची नळी पाण्याने ओली करून शेवटपर्यंत आत सारायची (तेल किंवा ग्रीस नको), आणि नट हाताने बसल्यावर पान्याने आवळायचा. अॅल्युमिनियमची कड पितळेला थेट टेकू नये म्हणून फिटिंगच्या गळ्याशी प्लॅस्टिकचा एक वायसर असतो. तो ‘सुटा पडला’ म्हणून फेकून देऊ नये. नट-रिंगचा सांधा गिलाव्याखाली गाडायचा नाही, हे पुन्हा एकदा सांगतो.

वळवताना पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या पाचपटीहून लहान वळण कॉम्पोझिटला देऊ नये, आणि तेही पाइप चपटा होऊ न देणारी वळणाची स्प्रिंग घालून. पेक्सला सहा ते आठपट जागा द्यावी. घडी पडलेला कॉम्पोझिट सरळ करून वापरू नये, तेवढा तुकडा कापून टाकावा. भिंतीत पाइप नुसता सिमेंटमध्ये न दाबता कंड्युटमधून, म्हणजे वळ्या असलेल्या मोठ्या नळीतून, न्यावा. त्याने पाइपाला वाढायला जागा मिळते, आणि वळणे मोजकी व मोठी असतील तर पुढे कधी खिळा लागून भोक पडल्यास पाइप ओढून नवा सारता येतो. उघड्या आडव्या लाइनीला ८० सेंटिमीटरच्या आत क्लॅम्प असावा. गरम लाइनीला मी अर्ध्या मीटरवर देतो, म्हणजे झोळ पडत नाही.

नळ जिथे बसतो तिथे एक फरक विसरला जातो. जीआय पाइप स्वतःच्या ताठपणावर नळ धरून ठेवत असे. मऊ पाइपावर तसा नळ लावला की नळ फिरवताना पाइपही पीळ घेतो आणि सांधा सैल होतो. म्हणून स्क्रूसाठी कान असलेला पितळी एल्बो विटेत रावळप्लग मारून पक्का करावा. वॉल मिक्सरसाठी दोन एल्बोंच्या केंद्रांत १५० मिमी अंतर हवे, दोन्ही लेव्हलमध्ये, गरम डावीकडे आणि गार उजवीकडे. आणि एल्बोचे तोंड कच्च्या भिंतीशी नव्हे, तर तयार टाइलच्या पृष्ठभागाशी जुळले पाहिजे. यासाठी टाइलचा एक तुकडा जवळ ठेवून मोजमाप घेणे हा साधा उपाय आहे.

गीझरच्या तोटीला लवचीक पाइप थेट जोडू नये. अमेरिकेतील एका प्रमुख नळकाम संहितेत गीझरपासूनचे पहिले १८ इंच पेक्स न वापरण्याचा नियम आहे. आपल्याकडे तेवढ्या अंतरात स्टीलची जाळीदार कनेक्शन पाइप आणि अँगल कॉक ठेवला की तेच साधते. सोलरचा विषय वेगळा. उन्हाळ्यात दुपारी पाणी वापरले गेले नाही तर काचनळ्यांच्या सोलरमधले पाणी उकळीपर्यंत जाऊ शकते, म्हणून सोलरच्या टाकीकडून खाली येणारी लाइन धातूचीच असू द्यावी आणि लवचीक पाइप घरातल्या मिक्सिंगनंतर वापरावा. गच्चीवरचे ऊन हा या पाइपाचा दुसरा शत्रू आहे. उघड्यावर राहिलेला पेक्स काही महिन्यांत ठिसूळ होऊ लागतो, त्यामुळे गच्चीवरचा भाग झाकून न्यावा किंवा तेवढा दुसऱ्या पाइपाचा करावा; काम लांबले तर गुंडाळीसुद्धा गच्चीवर पडू देऊ नये. तिसरा शत्रू उंदीर. डक्टमध्ये घुशी-उंदीर फिरत असतील, तर तिथला पाइप लोखंडी नळीच्या आतून घ्यावा. प्लॅस्टिक कुरतडायला त्यांना फारसा वेळ लागत नाही. तळमजल्यावर वाळवीचे औषध मारलेल्या जमिनीत किंवा रॉकेल-पेट्रोल साठवतात अशा जागेजवळ पेक्स पुरू नये, कारण असे द्राव त्याच्या भिंतीतून आत झिरपू शकतात.

प्लास्टरच्या आधी टेस्ट. टाकीचे पाणी सोडून ‘गळत नाही’ म्हणणे ही टेस्ट नव्हे, कारण पाव किलोला कच्चा सांधाही तग धरतो. हार्डवेअरच्या दुकानांत भाड्याने मिळणारा हातपंप आणावा, गीझर व फ्लशची टाकी सोडवून सर्व तोंडांना प्लग लावावेत, लाइन पाण्याने भरून हवा काढावी आणि दाब सहा-सात किलोपर्यंत न्यावा. पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरेल. तो गळतीमुळेच उतरतो असे नाही, पाइप फुगतो म्हणूनही उतरतो. पुन्हा पंप मारून दाब पूर्ववत करावा आणि मग दोन तास पाहावे. शक्य असेल तर रात्रभर ठेवून सकाळी प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद फिरवावा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर दिसतो. कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करण्याचा कोणाचा आग्रह असेल तर तो मोडून काढावा, कारण कोंडलेल्या हवेने सुटलेले फिटिंग गोळीसारखे उडते.

टेस्ट झाल्यावर नळांच्या जाळ्या काढून प्रत्येक लाइन दोन-तीन मिनिटे मोकळी वाहू द्यावी, म्हणजे पितळेचा भुगा आणि टेपचे तुकडे निघून जातात. हे पाणी पिण्यासाठी घेऊ नये. प्लास्टर करताना लाइनीत दाब ठेवावा. गवंड्याच्या थापीने किंवा छिन्नीने पाइपाला इजा झाली तर ती त्याच क्षणी कळते. आणि खाच बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी फरशीपासून उभी धरून, फोटो काढून ठेवावा. त्या फोटोंची एक छापील प्रत मॅनिफोल्डच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली, तर पुढे आरसा टांगायला ड्रिल घेऊन येणाऱ्याला ती सापडते.